उंबरठ्यावरची मुले

मनुष्य एका रात्रीत वेडा होत नाही. घरची माणसे मात्र डॉक्टरांपुढे बसली, की तसेच सांगतात. "परवापर्यंत अगदी चांगला होता हो!" पण त्यांनाच घाई न करता विचारत गेले, म्हणजे मागचे एकेक धागे निघू लागतात. गेले वर्षभर तो मित्रांकडे जाईनासा झाला होता. रात्र रात्र जागत बसे. पानावरून अर्धवट उठे. गणितात पहिला येणारा मुलगा, पण सहामाहीला उत्तरपत्रिका कोरी देऊन आला. रस्त्यात कोणी हसले, की ते आपल्यालाच हसले असे त्याला वाटे. एकदा त्याने आईला विचारले होते, "मला कोणी हाक मारली का गं?" आईने "नाही रे" म्हटले आणि तव्यावरची भाकरी उलटली.

वय पंधरा, सोळा, सतरा. ह्या वयात मुले अशी वागावयाचीच, असे म्हणून सर्वांनी ते सोडून दिलेले असते. आणि पुष्कळांच्या बाबतीत ते सोडून देणे बरोबरही ठरते. माझ्यासारख्या शाळामास्तराला अशी घुमी मुले दर वर्षी भेटतात, आणि पुढे त्यांतलीच काही भेटतात ती नोकरीला लागलेली, लग्ने झालेली, पेढे घेऊन आलेली. थोड्यांच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. डॉक्टर ज्याला 'सायकोसिस' म्हणतात, म्हणजे खरे कोणते आणि भास कोणता ह्यांतली रेषाच पुसली जाते, त्या अवस्थेच्या उंबरठ्यावर ती मुले उभी असतात.

मुलगा अजून आत गेलेला नाही, उंबरठ्यावरच आहे. अशा वेळी त्याच्याशी नीट बोलले, तर काही उपयोग होतो काय? प्रश्न इतका साधा, की आजीबाईनेही विचारला असता. पण वैद्यकशास्त्राला तो पद्धतशीर विचारावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची ही हकीकत आहे.

आपले टिळक आणि आगरकर ज्या १८५६ साली जन्मले, त्याच साली युरोपात दोन मुलगे जन्माला आले आणि मोठेपणी दोघांनीही माणसाच्या मनावर राज्य केले. एक सिग्मंड फ्रॉइड. दुसरा एमिल क्रेपेलिन. क्रेपेलिन हायडेलबर्ग येथे प्राध्यापक होता आणि मोठा शिस्तीचा माणूस होता. आलेल्या प्रत्येक रोग्याचे तो एक कार्ड करी. रोग केव्हा सुरू झाला, लक्षणे कोणती, पुढे काय झाले, हे सारे त्यावर. वर्षानुवर्षे कार्डे साठली, तेव्हा त्याने त्यांच्या राशी लावल्या. १८९९ साली निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत त्याने दोन मोठ्या राशी जगापुढे मांडल्या. एका राशीतले रोगी आजारी पडत, सावरत, पुन्हा पडत. दुसऱ्या राशीतले तरुणपणीच आजारी पडत आणि उतरणीला लागत. ह्या दुसऱ्या राशीला त्याने नाव दिले, त्याचा मराठीत अर्थ होईल 'अकाली आलेला बुद्धिनाश'.

शास्त्र म्हणून हे काम फार मोठे होते. पण नावातच निकाल होता. अठरा वर्षांच्या मुलाच्या कार्डावर ते नाव पडले, की त्याच्याशी बोलण्यासारखे काही उरले आहे असे कोणास वाटत नसे. ह्यांतले काही थोडे रोगी बरे झाले, ही नोंद खुद्द क्रेपेलिननेच केली होती. परंतु निकाल मोठ्या अक्षरांत असला, म्हणजे बारीक अक्षरांतली नोंद कोण वाचतो?

ती नोंद वाचली असे म्हणावे, तर स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलरने. तो झुरिकजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. झुरिकच्या इस्पितळात जर्मनीहून विद्वान डॉक्टर येत. त्यांना गावच्या लोकांची बोली कळत नसे आणि लोकांना त्यांची भाषा. शेतकऱ्यांची ती कायमची तक्रार होती. ब्लॉयलरची सख्खी बहीणच मनाने आजारी होती. तो ऱ्हायनाऊ येथील इस्पितळाचा प्रमुख झाला, तेव्हा १८८६ पासून बारा वर्षे रोग्यांतच राहिला, त्यांच्याबरोबर कामाला लागला आणि त्यांच्या बोलीत त्यांच्याशी बोलत बसला. बोलता बोलता त्याच्या ध्यानात आले, की जे असंबद्ध वाटते त्यालाही पुष्कळदा आतून संगती असते. आणि सगळेच काही उतरणीला लागत नाहीत. १९०८ साली बर्लिनच्या एका सभेत त्याने जुने नाव बाजूस ठेवून 'स्किझोफ्रेनिया' हे नवे नाव सुचविले. आपण त्यालाच 'छिन्नमनस्कता' म्हणतो. नवे नाव काही गोड नाही. पण त्यात शेवट आधीच लिहून ठेवलेला नव्हता.

आता वाचक म्हणतील, बोलून उपचार करणे ही तर फ्रॉइडची विद्या. मग त्याने ह्या मुलांसाठी काय केले? उत्तर असे, की फारसे काही नाही. असे रोगी स्वतःत इतके मिटलेले असतात, की त्यांचा वैद्याशी मनाचा धागा जुळत नाही, आणि धागा नाही तर उपचार नाही, असे त्याचे मत होते. बोलण्याची विद्या ज्याने जगाला दिली, त्यानेच ह्या मुलांच्या तोंडावर दार लावले, असा हा योगायोग.

ते दार पुन्हा ठोठावले अमेरिकेत हॅरी स्टॅक सलिव्हन ह्याने. खेड्यातल्या मळ्यावर एकाकी बालपण काढलेला हा आयरिश वंशाचा डॉक्टर बाल्टिमोरजवळच्या एका इस्पितळात तरुण रोग्यांत रमला. १९२७ साली त्याने एक निबंध लिहिला आणि त्यात आपल्याच व्यवसायबंधूंना टोचले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की आपण मानसवैद्य गोष्टीचा शेवट तेवढा पाहतो. गोष्ट घडत असते तेव्हा आपण तेथे नसतो. पुढे १९२९ साली त्याने तरुण रोग्यांसाठी एक लहानसा वेगळा विभाग चालविला. तेथे परिचारक निवडताना त्याने कसोटी लावली ती एकच : ह्या घाबरलेल्या पोरांशी माणसासारखे बोलता येते का?

गोष्ट घडत असताना आतून काय वाटते, ह्याचे उत्तम वर्णन १९५८ साली क्लाउस कॉनराड ह्या जर्मन डॉक्टरने केले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळात आलेल्या जवान सैनिकांच्या हकीकती त्याने तपासल्या होत्या. पहिल्या अवस्थेला त्याने नाव दिले तेही नाटकवाल्यांच्या बोलीतले. पडदा वर जाण्यापूर्वी नटाच्या पोटात जो गोळा उठतो, त्याचे नाव. काहीतरी घडणार आहे. काय ते कळत नाही. सगळे जग जणू आपल्याकडेच डोळे लावून बसले आहे. आपल्याकडे गणेशोत्सवात एकदा तरी तोंडाला रंग लावून विंगेत उभा राहिलेला माणूस ही अवस्था ओळखील. फरक एवढाच, की त्या मुलाचा पडदा महिनेच्या महिने वर जात नाही. आणि आपण विंगेत उभे आहोत हे तो कोणाला सांगतही नाही.

ह्याच सुमाराच्या एका वर्षाकडे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन इस्पितळात क्लोरप्रोमाझिन हे औषध रोग्यांना देण्यात आले आणि मानसवैद्यकाचा चेहरामोहराच पालटला. आरडाओरडा थांबला, साखळ्या सुटल्या, माणसे घरी परतली. ह्या औषधांचे उपकार कोणी नाकारू नयेत. त्याच वर्षी अमेरिकेत आरन बेक नावाच्या तरुण डॉक्टरने एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. सरकारी गुप्तहेर आपल्या पाळतीवर आहेत असा पक्का भ्रम असलेल्या एका रोग्याशी नुसते बोलून, त्याच्या संशयाची त्याच्याकडूनच तपासणी करवून, त्याला कसे बरे वाटले ते त्याने लिहिले होते. औषधाची बातमी जगभर गेली. बेकचा लेख कपाटात राहिला. पुढे बेक प्रसिद्ध झाला तो उदासीनतेच्या उपचारासाठी. आणि २०२१ साली तो वारला, तेव्हा वयाची शंभरी ओलांडून गेला होता. त्या जुन्या लेखावरची धूळ झटकली गेली ती १९९० च्या आसपास, इंग्लंडात.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून पुढची कळणार नाही. वेल्समधील डेवी रीस नावाच्या एका साध्या गावडॉक्टरने आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांना भेटून एक प्रश्न विचारला : गेलेला जोडीदार तुम्हाला कधी जाणवतो का? १९७१ साली त्याने उत्तरे छापली. जवळजवळ निम्म्यांना तो जाणवत होता. कित्येकांना तो दिसला होता, कित्येकांना त्याचा आवाज ऐकू आला होता. ही सगळी धडधाकट, संसारी माणसे. आणि त्यांतल्या बहुतेकांनी हे पूर्वी कोणालाही सांगितले नव्हते. म्हणजे नसलेला आवाज कानी येणे आणि वेडे असणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. ही साधी माहितीच पुढे उंबरठ्यावरच्या मुलांच्या उपयोगी पडावयाची होती.

उंबरठ्यावर जाऊन उभे राहण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न इयान फॅलून ह्यांनी १९८४ ते १९८८ ह्या काळात इंग्लंडातील बकिंगहॅम परगण्यात केला. त्यांनी गावोगावच्या कुटुंबवैद्यांना पहिल्या खुणा ओळखावयास शिकविले आणि खूण दिसताच घरी जाऊन साऱ्या कुटुंबाशी बोलावयाचे असा परिपाठ ठेवला. पण ह्या कामाचे खरे दालन उघडले ते ऑस्ट्रेलियात. १९९४ साली मेलबर्न येथे पॅट्रिक मॅकगोरी आणि अ‍ॅलिसन युंग ह्यांनी खास उंबरठ्यावरच्या तरुणांसाठी एक दवाखाना काढला. त्याच्या नावात वेडाचा किंवा रोगाचा उल्लेख येऊ दिला नाही, आणि जागा घेतली ती किशोरवयीनांच्या सर्वसाधारण आरोग्यकेंद्रात. म्हणजे आत शिरणाऱ्या पोराकडे कोणी वळून पाहू नये.

कोणाला उंबरठ्यावरचा म्हणावयाचे, ह्याच्या तीन खुणा त्यांनी ठरविल्या. भास आणि संशय आहेत, पण सौम्य आहेत. किंवा तीव्र आहेत, पण आठवड्याच्या आत आपोआप गेले. किंवा घराण्यात हा आजार आहे आणि मुलाचे शिक्षण, कामधाम अलीकडे एकदम ढासळले आहे. अशा मुलांवर लक्ष ठेवले, तेव्हा आरंभीच्या वर्षांत दहांतली चार वर्षभरात सायकोसिसमध्ये गेली. आकडा छातीत धडकी भरविणारा होता. काहीतरी केलेच पाहिजे होते.

२००२ साली मेलबर्नकरांनी पहिल्या प्रयोगाचा निकाल छापला. ५९ तरुण. त्यांतल्या ३१ जणांना सहा महिने थोड्या मात्रेत औषध आणि त्याच्या जोडीला संवादोपचार. उरलेल्या २८ जणांना नेहमीचा आधार. सहा महिन्यांनी पाहिले, तो पहिल्या गटातले ३ आणि दुसऱ्यातले १० आजारी पडलेले. आनंदाचीच गोष्ट. पण उपचार थांबवून आणखी सहा महिने गेले, तेव्हा पहिल्या गटातले ३ चे ६ झाले होते. शिवाय गुण औषधाचा की बोलण्याचा, हेही उलगडेना. आणि सर्वांत टोचणारा प्रश्न वेगळाच होता : दहांतली चार मुले आजारी पडतात, म्हणजे सहा पडत नाहीत. त्या सहांना आपण ही औषधे का द्यावी? ह्या औषधांनी अंग सुटते, सुस्ती येते. सोळा वर्षांच्या मुलीला न झालेल्या आजारासाठी ते का सोसावयास लावावे?

मँचेस्टरच्या अँथनी मॉरिसन आणि पॉल फ्रेंच ह्यांनी ह्यावर सरळ मार्ग काढला. औषध बाजूस ठेवावे आणि नुसते बोलावे. सहा महिन्यांत जास्तीत जास्त २६ भेटी.

बोलावयाचे म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. कारण उपदेश करणे म्हणजेच बोलणे, असा आपल्याकडे, विशेषतः आम्हा मास्तर मंडळींत, समज आहे. कल्पनेतला एक मुलगा घेऊ. वय सतरा. बसमधले लोक आपल्याला हसतात, आपल्या मनातले त्यांना कळते, असे त्याला वाटू लागले आहे. पहिल्या भेटीत त्याला विचारतात, तुला कशाकशाचा त्रास आहे? यादी त्याने करावयाची. यादीत झोप येते, कॉलेजातली गैरहजेरी येते, बोलेनाशी झालेली मैत्रीण येते, आणि बसमधले लोक येतात ते कोठे तरी शेवटी. कामाला आरंभ होतो तो त्याने निवडलेल्या गोष्टीपासून.

मग कधीतरी बसची पाळी येते. उपचारक "हे खोटे आहे" म्हणत नाही, आणि "खरे आहे" असेही म्हणत नाही. "तुझी खात्री किती? शंभरांत किती?" "नव्वद." "लोक तुझ्याकडे पाहतात ह्याला आणखी कोणकोणती कारणे असू शकतील?" कारणांची यादी होते. मुलगा हल्ली डोक्यावरून टोपडे ओढून, मान खाली घालून, कोपऱ्यात अंग चोरून बसतो. "अशा माणसाकडे तू स्वतः पाहिले असतेस की नाही?" मुलगा विचारात पडतो. मग ठरते, की दोन दिवस टोपडे ओढून जावयाचे, दोन दिवस मोकळ्या डोक्याने, आणि किती जण पाहतात ते मोजावयाचे. वादात मुलाला हरविण्याचा कोणाचा हेतू नसतो. तपास त्याचा, मोजणी त्याची, निष्कर्षही त्याचाच. नव्वदाचे साठ झाले, तरी त्या आठवड्याची रात्रीची झोप परत येते.

आणि सर्वांच्या तळाशी एक भीती असते, ती म्हणजे "मी वेडा होणार." ह्या भीतीने मुलगा आपल्याच विचारांवर पहारा करीत रात्रभर जागतो, आणि जागरणाने भास वाढतात. अशा वेळी वेल्सच्या त्या विधवा कामी येतात. आवाज ऐकू येऊनही शहाणी राहिलेली माणसे जगात पुष्कळ आहेत, हे कळले, की पहारा थोडा सैल पडतो.

ह्याचा परिणाम काय झाला? येथे हातचे राखून सांगणे बरे नव्हे. मँचेस्टरचा २००४ सालचा पहिला प्रयोग ५८ जणांचा, लहान. त्यात बोलण्याचा गुण दिसला. २०१२ साली दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. हॉलंडमध्ये मार्क व्हान डर खाख ह्यांनी २०१ तरुण घेतले. दीड वर्षाने संवादोपचार मिळालेल्यांत १० आजारी पडले होते, न मिळालेल्यांत २२. पण त्याच साली ब्रिटनमधील पाच ठिकाणच्या २८८ तरुणांचा निकाल आला. त्यात दोन्ही गट मिळून फक्त २३ जण आजारी पडले, आणि दोन गटांत ठरविण्याजोगा फरक दिसला नाही. बोलण्याने लक्षणांची तीव्रता मात्र कमी झाली. २०१८ साली सगळे प्रयोग एकत्र तोलून पाहिले गेले, तेव्हा अमुकच उपचार दुसऱ्यांहून श्रेष्ठ, असे छातीठोकपणे सांगता येत नाही, असे निघाले.

हे वाचून निराश व्हावे काय? मला तसे वाटत नाही. ब्रिटनमधला तो २३ चा आकडा पुन्हा पाहावा. उंबरठ्यावरची म्हणून निवडलेल्या २८८ मुलांपैकी फक्त तेवढी आत गेली. आणि तेथे दुसऱ्या गटालाही कोणी वाऱ्यावर सोडले नव्हते; ठरलेल्या वेळी कोणीतरी भेटे, विचारपूस करी. जगभरच्या पाहण्यांचा २०२१ साली एकत्र आढावा घेतला, तेव्हा तीन वर्षांत चारांतला सुमारे एक आजारी पडतो, असे दिसले. चारांतले तीन पडत नाहीत. क्रेपेलिनच्या कार्डावर ज्यांचा निकाल लागला असता, त्यांतली किती तरी मुले उंबरठ्यावरून परत फिरतात.

म्हणूनच नाव देण्याची घाई नको, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. अमेरिकेच्या मानसरोगांच्या सूचीत ह्या उंबरठ्यालाच एक रोग म्हणून घालावे काय, ह्यावर काही वर्षे मोठा वाद झाला. सूचीच्या आधीच्या आवृत्तीचे संपादन करणारे अ‍ॅलन फ्रान्सिस ह्यांनीच कडाडून विरोध केला. असा शिक्का मारला, की औषधांचे दुकान उघडलेच समजा, असा त्यांच्या विरोधाचा रोख होता. शेवटी २०१३ च्या आवृत्तीत त्याला 'अधिक अभ्यास व्हावा' ह्या प्रकरणात जागा मिळाली, मुख्य सूचीत नाही. पुढच्याच वर्षी, २०१४ साली, इंग्लंडच्या आरोग्यसेवेला मार्ग दाखविणाऱ्या संस्थेने स्पष्ट लिहिले : अशा मुलांना संवादोपचार द्यावा, पुढचा धोका टाळण्यासाठी म्हणून सायकोसिसची औषधे देऊ नयेत. जो खरोखर आजारी पडला त्याची गोष्ट निराळी. त्याला औषध लागते आणि ते वेळेवर मिळालेच पाहिजे.

त्याच २०१४ साली अमेरिका आणि कॅनडा येथून आणखी एक निकाल आला, तो आपल्यासारख्या घरोब्याने राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. १२९ मुलामुलींच्या ह्या प्रयोगात एका गटात सहा महिन्यांत १८ बैठका झाल्या, आणि त्या एकट्या मुलाच्या नव्हे तर साऱ्या घराच्या. शिकविले काय? तर एकमेकांचे ऐकून घेणे. चांगले केले ते बोलून दाखविणे. टाकून न बोलता मागणे मागणे. अडचण सर्वांनी मिळून सोडविणे. ह्या घरांतल्या मुलांची लक्षणे, फक्त तीन बैठका मिळालेल्यांपेक्षा अधिक उतरली.

हे वाचताना मला राहून राहून ती तव्यावरची भाकरी आठवते. त्या आईचे काही चुकले असे कोणी म्हणू नये. असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हे शिकावयास विद्वानांनाही शतक लागले. शतकाच्या शेवटी त्यांच्या हाती जे आले, ते मात्र कोणत्याही स्वयंपाकघरात मावण्यासारखे आहे. मुलाने विचारले, "मला कोणी हाक मारली का गं?", तर तवा खाली उतरवावा, त्याच्याजवळ बसावे आणि म्हणावे, "मला नाही ऐकू आली. तुला काय ऐकू आले, सांग बरे." ऐकताना घाबरू नये, हसू नये, चारचौघांत बोलू नये. पुन्हा पुन्हा तसे झाले, झोप आणि अभ्यास दोन्ही ढासळले, तर जाणत्या डॉक्टरांकडे न्यावे, आणि तेथेही मुलाला बोलू द्यावे. वाटेत त्याला कोणते नाव देऊ नये. चारांतल्या तिघांना ते नाव कधीच लागणार नसते; आणि चौथ्यालाही, नाव लागण्याआधी कोणी आपले ऐकले होते, ही आठवण पुढे जन्मभर पुरते.